क्लिअर कोटमध्ये ॲक्सिलरेटर: कधी घालायचा, किती घालायचा आणि कुठे हात आखडायचा

क्लिअर कोट म्हणजे गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, आणि ॲक्सिलरेटर म्हणजे तो लवकर पक्का करण्यासाठी घालायचा माल. ॲक्सिलरेटर घालून बिघडलेली बहुतेक कामं बाटली उघडण्याआधीच बिघडलेली असतात. गाडीचा पत्रा गार असतो, हार्डनर (क्लिअर कडक करणारा जोडीचा माल) भलत्याच हवामानाचा असतो, बेस (क्लिअरखालचा रंगाचा थर) आतून ओला असतो, आणि गाडी संध्याकाळी द्यायची म्हणून कोणीतरी अंदाजाने झाकणभर माल ओततं. दुसऱ्या दिवशी पॅनेल कडक लागतं. उन्हात नेलं की बॉनेटभर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, किंवा पंधरा दिवसांत चकाकी बसते, म्हणजे मंदावते, आणि गाडी परत दारात येते.

त्यामुळे आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा क्लिअर, वाळताना दोन कामं चालू असतात. थिनर उडून जातो, हे एक. क्लिअरमधलं रेझिन आणि हार्डनरमधलं आयसोसायनेट एकमेकांना जोडलं जाऊन जाळं तयार होतं, हे दुसरं. ॲक्सिलरेटर म्हणजे या दुसऱ्या कामाचा उत्प्रेरक. बहुतेक बाटल्यांमध्ये तो कथिलाच्या संयुगाचा, म्हणजे डायब्युटाइल टिन डायलॉरेटचा, पातळ द्राव असतो. थिनर उडण्याचा वेग त्याने वाढत नाही. वरचा थर लवकर आवळला की दुधावर साय धरावी तसा पापुद्रा धरतो, खालचा थिनर अडकतो आणि नंतर तो पापुद्रा फोडून बाहेर येतो. ती छिद्रं इथून येतात. खाली दिलेल्या सगळ्या पायऱ्या थिनरला बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळावा यासाठीच आहेत.

## १. पत्र्याचं तापमान पाहून निर्णय घ्या

हवेचं नव्हे, पत्र्याचं तापमान मोजा. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर गन घ्या. एक बॉनेट पुन्हा करायला जो खर्च येतो त्यापेक्षा ती स्वस्त पडते. रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सकाळी शेडमध्ये घेतली तर हवा उबदार लागते, पण पत्रा बराच वेळ गारच राहतो.

पत्रा १५ अंशांच्या खाली असेल तर क्लिअर मारूच नका. दहाच्या आसपास रेझिन आणि हार्डनरची जोडणी जवळजवळ थांबते आणि ॲक्सिलरेटरचा डोस वाढवूनही ती नीट होत नाही. गाडी आत घ्या, दारं बंद करा, पत्रा तापू द्या. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की जोडणीचा वेग साधारण दुप्पट होतो. १५ अंशांचा पत्रा २५ वर आणला तर ज्या घाईसाठी बाटली हवी होती त्यातली बरीच घाई तिथेच भागते.

१५ ते २० अंशांत फास्ट हार्डनर आणि कंपनीने सांगितलेला ॲक्सिलरेटर, तोही एका-दोन पॅनेलच्या कामाला, चालतो. डिसेंबर-जानेवारीतलं साताऱ्याचं सकाळचं काम आणि पावसाळ्यातल्या गारठ्याच्या दिवसांतलं काम याच गटात येतं. २० ते २८ अंशांत आधी हार्डनर बदलून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. तिशीच्या वर ॲक्सिलरेटर कपाटात राहू द्या. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत किंवा कुपवाडच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काम करणाऱ्याने तर उलट स्लो हार्डनर घ्यायला हवा. तिथे क्लिअर वाळत नाही ही तक्रार नसतेच, तो पसरण्याआधी बसतो ही असते.

पूर्ण गाडी, किंवा छत-बॉनेट-डिकी एकत्र, असं काम असेल तर ॲक्सिलरेटर वापरू नका. स्प्रे गन दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचा क्लिअर आवळलेला असतो. त्यावर पडलेला फवारा मग विरघळून एकजीव होत नाही, खरखरीत राहतो. फेड-आउटच्या (नवा क्लिअर कडेला जुन्यात विरवायच्या) कामातही हीच अडचण येते, कडेला पांढुरकी रेघ उमटते.

इशारा: पत्रा गार आणि हवा दमट असेल तर पत्र्यावर न दिसणारा ओलावा धरतो. पावसाळ्यात हात फिरवून तो कळत नाही. पॅनेलवर ओल्या फडक्याने एक पट्टा ओढा. तो बराच वेळ ओलसरच राहिला तर काम थांबवा.

## २. डबे एकमेकांचे आहेत का ते बघा

क्लिअर एका कंपनीचा, हार्डनर दुसऱ्याचा, थिनर दुकानात मिळेल तो, आणि ॲक्सिलरेटर कोणाच्या तरी उरलेल्या बाटलीतला. अशी जुळणी साध्या कामात खपून गेली असेल, इथे खपत नाही. काही कंपन्या क्लिअरमध्ये असं द्रव्य घालतात की ते डब्यात उत्प्रेरकाला रोखून धरतं आणि फवारल्यावर उडून जातं. काही क्लिअरमध्ये उत्प्रेरक आधीच असतो. एक्सप्रेस, एअर-ड्राय किंवा तत्सम नावाने मिळणारे झटपट क्लिअर बहुधा याच जातीचे. त्यात बाहेरून आणखी घातला तर मिश्रण कपमध्येच घट्ट होतं.

ॲक्सिलरेटर दोन रूपांत मिळतो. एक असतो थिनरच्या जागी वापरायचा, म्हणजे थिनरमध्येच उत्प्रेरक मिसळलेला. दुसरा असतो थेंबांच्या हिशेबाने घालायचा दाट माल. पहिल्याचं प्रमाण दुसऱ्याला लावलं तर एका जागी दहा जागांचा डोस पडतो. बाटली हातात घेतली की आधी हे वाचा आणि कंपनीचा तांत्रिक कागद दुकानदाराकडून मागून घ्या. तो मोबाइलवरही मिळतो. या लेखातला कुठलाही आकडा आणि तुमच्या मालाचा कागद यांत फरक दिसला तर कागदाचं ऐका.

इथे वारंवार होणाऱ्या चार चुका:

इनॅमलचा ड्रायर टू-के क्लिअरमध्ये घालणं. तो कोबाल्टसारख्या धातूंचा असतो आणि हवेतल्या ऑक्सिजनने वाळणाऱ्या तेलकट रंगासाठी असतो. क्लिअरमध्ये त्याचा उपयोग नाही, रंग मात्र बिघडतो.

लवकर वाळावा म्हणून हार्डनर जास्त घालणं. याने उलट होतं. जास्तीच्या आयसोसायनेटला जोडीदार मिळत नाही, तो हवेतल्या ओलाव्याची वाट बघत बसतो, क्लिअर दिवसेंदिवस मऊ राहतो आणि शेवटी ठिसूळ होतो.

एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) किंवा वन-के (हार्डनर न लागणाऱ्या) क्लिअरमध्ये हा ॲक्सिलरेटर घालणं. तिथे हार्डनरच नाही, त्यामुळे वेग देण्यासारखं काही घडतच नाही.

मेलेला हार्डनर ॲक्सिलरेटरने जिवंत करू पाहणं. हार्डनर गढूळ दिसला, तळाशी साका बसला किंवा झाकणाभोवती पांढरी कडक पापडी धरली, तर त्याने पाणी ओढलेलं आहे. टाकून द्या.

## ३. जागा आणि हवा तयार करा

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सकाळी काढा, पावसाळ्यात दुपारी पुन्हा काढा. वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) गनच्या जवळ हवा. कॉम्प्रेसरला चिकटून लावलेल्या ट्रॅपमधून गरम हवा वाफेसकट पुढे जाते आणि नळीत गार झाल्यावर पाणी सुटतं. आयसोसायनेटला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मग पृष्ठभागावर बारीक बुडबुडे उठतात, आणि ते थिनरचे आहेत असं समजून माणूस पुढच्या कामाला भलताच उपाय करतो.

उसाचा गाळप हंगाम चालू असताना कारखान्याच्या वाऱ्याखाली असलेल्या शेडमध्ये चिपाडाची काजळी उडत येते. काळे, हलके कण. ते झाडू मारून हटत नाहीत, उलट उठतात. जमीन पाण्याने ओली करा, मग तासभर थांबा, म्हणजे साचलेलं पाणी उरणार नाही. खिडकीच्या आतून ओलसर कापड लावलं तर बरीच काजळी अडते. क्लिअर लवकर धूळमुक्त होतो, म्हणजे त्याला धूळ चिकटेनाशी होते, हा ॲक्सिलरेटरचा खरा फायदा इथे मिळतो, हे मान्य करायला हवं. उघड्या शेडमध्ये बंपर करणाऱ्याला त्या दहा-पंधरा मिनिटांचं मोल कळतं.

हॅलोजन दिवे, वेल्डिंग, ग्राइंडर, देवापुढची उदबत्ती, सगळं फवारणीआधी बंद. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरत जाते.

तपासा: गनमधून कोऱ्या कागदावर फक्त हवा सोडा, अर्धा मिनिट. कागदावर ओला किंवा तेलकट ठिपका उठला तर ट्रॅप साफ झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ४. श्वास आणि हात

हा भाग वाचून सोडून देऊ नका. फवारलेलं आयसोसायनेट फुप्फुसात गेलं की काही लोकांना दमा लागतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोडा वासही झटका आणायला पुरतो. अशा माणसाला पेंटरचं काम कायमचं सोडावं लागतं. आयसोसायनेटचा वास वेळेवर कळत नाही, त्यामुळे मास्कचं कार्ट्रिज (हवा गाळणारी डबी) संपलं हेसुद्धा कळत नाही. म्हणून खरी सुरक्षा बाहेरून स्वच्छ हवा देणाऱ्या मास्कची. ते शक्य नसेल तर किमान सेंद्रिय वाफ आणि कण दोन्ही अडवणारं, चेहऱ्यावर घट्ट बसणारं, नवं कार्ट्रिज लावा. दाढी असेल तर मास्क बसत नाही. तोंडाला रुमाल बांधून टू-के मारणं आजच बंद करा.

कथिलाचं संयुग त्वचेतून आत जातं आणि प्रजननक्षमतेला आणि गर्भाला घातक मानलं जातं. नायट्राइलचे हातमोजे बाटली उघडण्याआधी चढवा. पातळ रबरी मोज्यांतून थिनर पार होतो. हेल्पर पोरगा, चहा घेऊन येणारा, बघायला थांबलेलं गिऱ्हाईक, मास्क नसलेलं कोणीही फवारणीच्या वेळी आणि त्यानंतर हवा निघून जाईपर्यंत शेडमध्ये नको. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याची धार आणि लगेच दवाखाना. छाती आवळल्यासारखी वाटली, रात्री खोकला उठला, तर डॉक्टरांना "आयसोसायनेटचं काम करतो" हे शब्द सांगा.

## ५. बेस आतून वाळलाय ना?

ॲक्सिलरेटर घातलेला क्लिअर ओल्या बेसवर मारला की बेसमधल्या थिनरला बाहेर जायला वाटच उरत नाही. साधा क्लिअर असता तर अर्धा दिवस हळूहळू निघत राहिला असता. इथे ते दार लवकर बंद होतं.

सॉल्व्हंट बेस पूर्ण मॅट दिसला पाहिजे. त्यानंतरही गारठ्यात वीस मिनिटं आणखी द्या. सिल्व्हरसारख्या झाकायला सोप्या रंगाला दोन कोटांत भागतं, पण लाल आणि पिवळ्याला चार-पाच कोट लागतात आणि तिथेच थिनर साठतो. कोटागणिक थांबा, सगळं थांबणं शेवटी एकदम नको. वॉटरबेस असेल तर पाणी गेलं याची खात्री हवा मारून आणि थांबूनच होते. मॅट दिसणं हा त्यातला फक्त पहिला टप्पा.

तपासा: पॅनेलशेजारच्या मास्किंग (बाजूचा भाग झाकायच्या) कागदावर पडलेल्या बेसवर बोट टेका. ठसा उमटता कामा नये, बोटाला रंग लागता कामा नये, आणि नाक जवळ नेल्यावर थिनरचा झणका येता कामा नये.

टॅक रॅग (धूळ टिपणारं चिकट फडकं) हलक्या हाताने फिरवा. दाबून पुसलं तर रॅगमधला चिकटा बेसवर उतरतो.

## ६. आधी तुकड्यावर

जुन्या फेंडरचा हातभर तुकडा ठेवून द्या, प्रत्येक नव्या मालाला तो कामी येतो. त्याच बेसवर, त्याच शेडमध्ये, ठरवलेल्या डोसने क्लिअर मारा आणि घड्याळ लावा. मिश्रण कपमध्ये किती वेळ पातळ राहिलं, धूळ चिकटायची कधी थांबली, बोटाचा ठसा कधी उमटेनासा झाला, हे वहीत लिहा आणि शेजारी त्या दिवशीचं पत्र्याचं तापमान लिहा. सातारा आणि सांगली यांच्या हवेत एवढा फरक आहे की एका गावच्या मिस्त्रींचं प्रमाण दुसऱ्या गावात जसंच्या तसं चालत नाही. एका वर्षात तुमची स्वतःची वही तयार होते.

## ७. मिसळण्याचा क्रम

एका दाराच्या कामाचा हिशेब घेऊ. समजा कागदावर प्रमाण दोनास एक आहे, थिनर पाच टक्के, आणि ॲक्सिलरेटर एक टक्का, दोन्ही क्लिअर-हार्डनरच्या बेरजेवर.

क्लिअर २०० मिली. हार्डनर १०० मिली. झाले ३००. त्याचे पाच टक्के म्हणजे थिनर १५ मिली. एक टक्का म्हणजे ॲक्सिलरेटर ३ मिली.

तीन मिली. बऱ्याच बाटल्यांच्या झाकणात याच्या दुप्पट-तिप्पट माल सहज बसतो, म्हणून झाकणाने माप घेणं सगळ्यात महाग पडतं. मेडिकलमध्ये मिळणारी ५ मिलीची सिरिंज सुईशिवाय वापरा. एका वेळेला एक. तिच्या आतलं रबर थिनरने फुगतं आणि दट्ट्या अडकतो, त्यामुळे धुऊन ठेवलेली सिरिंज पुढच्या वेळी खोटं माप देते. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर उत्तमच, फक्त कागदावर प्रमाण वजनात आहे की आकारमानात हे बघून घ्या. दोन्हींत फरक पडतो.

क्रम असा:

१. स्वच्छ, कोरड्या मापाच्या कपमध्ये क्लिअर घ्या.
२. ॲक्सिलरेटर मोजून क्लिअरमध्ये सोडा आणि मिनिटभर ढवळा. दाट ॲक्सिलरेटर थेट हार्डनरमध्ये टाकू नका. एका जागी जोर एकवटतो आणि तिथे गुठळ्या धरू शकतात.
३. हार्डनर घाला. हार्डनरचं झाकण त्याच क्षणी घट्ट लावा. "नंतर लावतो" म्हणून उघडा राहिलेला डबा पावसाळ्यात महिनाभरही टिकत नाही.
४. सपाट काडीने कडा आणि तळ खरवडत पुन्हा मिनिटभर ढवळा. गोल काडीने मधला भागच फिरतो.
५. शेवटी थिनर. दाटपणा बी-४ कपने (तळाला छिद्र असलेला, माल किती सेकंदांत उतरतो ते मोजायचा कप) पाहा. बहुतेक क्लिअर सोळा ते वीस सेकंदांत उतरतात.
६. कागदी जाळीतून गाळून गनमध्ये ओता.

काही कंपन्या ॲक्सिलरेटर सगळ्यात शेवटी किंवा थिनरमध्ये मिसळून घालायला सांगतात. तसं लिहिलं असेल तर तोच क्रम पाळा.

हार्डनर पडला ती वेळ मार्करने कपवर लिहा. ॲक्सिलरेटर नसताना दोन-तीन तास टिकणारं मिश्रण ॲक्सिलरेटरमुळे अर्ध्या तासावर येऊ शकतं. म्हणून एकदम जास्त माल करू नका. दोन्ही कोटांसाठी दोनदा मिसळलं तरी चालेल, फक्त प्रमाण दोन्ही वेळा एकच ठेवा. पहिला कोट साधा आणि दुसऱ्यातच ॲक्सिलरेटर, अशी एक पद्धत काही ठिकाणी चालते. ती सोडा. वरचा थर खालच्याआधी आवळतो, आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे.

इशारा: कप हाताला कोमट लागला, काडी उचलल्यावर तार सुटली, किंवा गनचा फवारा अचानक जाड पडू लागला, तर ते मिश्रण संपलं. त्यात थिनर ओतून पुढचं पॅनेल मारू नका. पातळ दिसलं तरी आतलं जाळं बांधलं गेलेलं असतं. तो क्लिअर ना पसरतो, ना चमक धरतो.

## ८. फवारणी

तयारी पूर्ण झाल्यावरच हार्डनर घाला हे वेगळं सांगायला नको, पण मास्किंगचा कोपरा निघालाय, नळी अडकलीय, मास्क सापडत नाही, यातच दहा मिनिटं जातात. सगळं हाताशी ठेवा. गन आधी पाण्यासारख्या पातळ थिनरवर चालवून फवाऱ्याचा पंखा जुळवून घ्या.

नोझल १.३ किंवा १.४ मिमी. अंतर वीतभर. दाब तुमच्या गनवर लिहिलेला. हात एका गतीने, आणि प्रत्येक फेरा मागच्या फेऱ्यावर निम्म्याहून जास्त चढलेला.

पहिला कोट मध्यम ओला. धुरळा मारू नका, आणि एकाच कोटात काम उरकायचं म्हणून ओथंबूनही टाकू नका. जाड थर आणि ॲक्सिलरेटर ही सगळ्यात वाईट जोडी. दोन कोट मिळून वाळलेली जाडी ५० ते ६० मायक्रॉन पुरे. तिसऱ्या कोटाचा मोह बंपरच्या कडा आणि आरशाच्या खोबणीत जास्त होतो, आणि पिनहोल (सुईच्या टोकाएवढी छिद्रं) पहिल्यांदा तिथेच दिसतात.

दोन कोटांमधलं थांबणं किती? कागद पाच ते दहा मिनिटं सांगेल. गार हवेत दहापेक्षा कमी नको. घड्याळाइतकंच बोट महत्त्वाचं आहे: मास्किंग कागदावरच्या क्लिअरला बोट लावा. चिकटलं पाहिजे, पण बोट उचलताना तार सुटता कामा नये. तार सुटते तोवर थिनर आत आहे. उलट बोट चिकटलंच नाही, घसरलं, तर उशीर झाला. मग दुसरा कोट पहिल्यात मुरणार नाही, त्यासाठी पुरतं वाळू देऊन घासावं लागेल. ॲक्सिलरेटरमुळे या दोन टोकांमधली जागा अरुंद होते, म्हणून दोन कोटांच्या मधे चहाला जाऊ नका.

दुसरा कोट पूर्ण ओला, सरळ, न थांबता. संपला की गन लगेच रिकामी करून थिनरने धुवा. पॅनेल बघत उभं राहायला नंतर वेळ आहे. नोझलमध्ये बसलेला हा क्लिअर थिनरनेही निघत नाही.

## ९. उष्णता द्यायची तर

बूथ (फवारणीची बंदिस्त खोली) नसलेल्या शेडमध्ये हॅलोजन लावायची सवय आहे. दुसरा कोट पडल्या पडल्या दिवा लावला की पापुद्रा लगेच धरतो, त्यात ॲक्सिलरेटर असेल तर काही मिनिटांतच. निदान पंधरा मिनिटं थांबा, शेडमधली वाफ बाहेर जाऊ द्या, मगच स्विचला हात लावा.

दिवा पुरेसा लांबून सुरू करा, तापमान हळूहळू चढू द्या. थर्मामीटर गनने पत्रा मोजत राहा: ६० अंशांच्या वर नको, प्लास्टिक बंपरला त्याहून कमी. हॅलोजनचा मार एका ठिकाणी पडतो, मधे ७० आणि कडेला ३५ असं सहज होतं. म्हणून दिवा हलवावा लागतो.

माझं स्पष्ट मत: ६० अंशांवर अर्धा तास नीट भाजण्याची सोय असेल तर ॲक्सिलरेटर घालायची गरज नाही. ती सोय नसलेल्या, किंवा वीज कधी जाईल सांगता येत नाही अशा ठिकाणच्या एअर-ड्राय (हवेवर वाळवायच्या) कामासाठी हा माल आहे. दोन्ही एकत्र वापरायचं कंपनीने स्वतः लिहिलं असेल तरच वापरा.

## १०. वाळलंय का, ते असं पाहा

धूळ न चिकटणं, बोट न चिकटणं, हाताळण्याजोगं होणं आणि पुरतं पक्कं होणं हे चार वेगळे टप्पे आहेत. ॲक्सिलरेटरने पहिले तीन पटकन येतात. चौथ्याला हवामानाप्रमाणे कित्येक दिवस लागतातच. गोंधळ होतो तो तिसऱ्याला चौथा समजल्याने.

मास्किंग काढताना टेप स्वतःवर दुमडून, हळू. क्लिअर पुरता कडक व्हायच्या आधीच काढा, नाहीतर कडेला तुकडे उडतात.

जोडणी करण्याआधी दाराच्या आतल्या कडेवर अंगठा दाबून किंचित पिळा. ठसा राहिला तर हँडल, बीडिंग, नंबर प्लेट काही बसवू नका. चाचणीच्या तुकड्यावर पांढरं कापड थिनरमध्ये ओलं करून चार-पाच वेळा घासा. पृष्ठभाग चिकट झाला, कापडाला ओढू लागला, तर जाळं अजून कच्चं आहे. ही परीक्षा गाडीवर करू नका.

## ११. पॉलिश आणि ताबा

हवेवर वाळलेल्या कामाला दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावणं बरं. घासताना मास्क हवाच, अर्धवट जमलेल्या क्लिअरच्या भुकटीत मोकळं आयसोसायनेट असतं. फार लवकर बफ केलं तर चमक येते आणि आठवड्यात घासल्याच्या रेघा पुन्हा वर येतात. आठवडाभर ठेवलं तर क्लिअर इतका टणक होतो की कंपाउंड दुप्पट लागतं.

गाडी देताना गिऱ्हाइकाशी दोन मिनिटं बोला. आठवडाभर धुऊ नका, महिनाभर वॅक्स नको, पक्ष्याची विष्ठा दिसली की लगेच पाण्याने काढा. बॉडी कव्हर तीन-चार आठवडे घालू नका, कारण उरलासुरला थिनर त्याखाली कोंडतो आणि कव्हरची वीण बॉनेटवर उमटते. दसऱ्याच्या आधी ही गोष्ट हमखास सांगा: बॉनेटवर ओल्या हळदी-कुंकवाचं स्वस्तिक ताज्या क्लिअरमध्ये डाग सोडतं, आणि झेंडूच्या हाराची सुतळी घट्ट ओढली की वळ पडतो. पूजा काचेवर किंवा नंबर प्लेटवर करा म्हटलं की बहुतेक मंडळी ऐकतात. "मिस्त्री, आधी सांगितलं असतं तर" ही वेळ कशाला आणायची?

## बिघडलंच तर

पिनहोल किंवा फोड: वरून आणखी क्लिअर मारून छिद्रं बुजत नाहीत, कडा तशाच उठून दिसतात. पुरतं वाळू द्या, छिद्रांच्या तळापर्यंत घासा. बेस उघडा पडला तर बेसपासून पुन्हा.

चकाकी बसली: थिनर अडकलेला आहे. लगेच पॉलिश करू नका, परत बसेल. गाडी काही दिवस उन्हात उभी राहू द्या, मग २००० च्या सँडपेपरने घासून पॉलिश करा. जमलं तर ठीक, नाहीतर घासून पुन्हा क्लिअर.

संत्र्याच्या सालीसारखा पोत: हार्डनर किंवा डोस हवेच्या मानाने फार फास्ट. घासून पॉलिशने निघतो, जाडी शिल्लक असेल तर.

दोन दिवसांनीही चिकट: ॲक्सिलरेटर वरून लावून काही होत नाही. हार्डनर मेलेला किंवा प्रमाण चुकलेलं. सौम्य उष्णता देऊन बघा. तरी नखाचा ठसा पडत असेल तर सगळं काढा. त्यावर मारलेलं काहीही टिकणार नाही.

## उरलेला माल

मिश्रण उरलं तर डब्यात परत ओतू नका, आणि झाकण लावलेल्या बाटलीत भरून कचऱ्यात टाकू नका. ते तापतं. उघड्या पत्र्याच्या डब्यात, बाहेर, सावलीत कडक होऊ द्या, मग टाका. थिनरचं पाणी गटारात किंवा ओढ्यात सोडू नका, त्यासाठी वेगळा पिंप ठेवा.

ॲक्सिलरेटरची बाटली घट्ट बंद, गार जागी, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. बाटलीवर उघडल्याची तारीख आणि "कुठल्या क्लिअरसाठी, किती मिली" हे मार्करने लिहून वर पारदर्शक टेप लावा, म्हणजे थिनरच्या हाताने अक्षरं पुसली जाणार नाहीत.